पितृपक्षात अडकलेल्या गाड्या

सांगली-मिरज रस्त्याला माझा जुन्या गाड्यांचा छोटा धंदा आहे. ऑगस्ट २०२५मध्ये दारात चार गाड्या होत्या, सगळ्या पेट्रोलवरच्या छोट्या. दोन पुण्याच्या डीलरकडून घेतलेल्या, दोन हप्ते थकल्यामुळं फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेल्या, ऑनलाइन लिलावातून. सगळा माल घाऊक दरानं उचललेला, म्हणून मी निवांत होतो.

१५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करण्याची घोषणा झाली. मी ती मनावर घेतली नाही, गिऱ्हाइकानं घेतली. गणपतीत येणारा प्रत्येक जण गाडीभोवती दोन फेऱ्या मारायचा आणि म्हणायचा, "नव्याचं काय होतंय बघू की जरा."

माझी खरी चूक १ सप्टेंबरची. चार वर्षं जुन्या एका स्विफ्टवर लिलावात ४ लाख १० हजारांची बोली लावली. बोली सगळ्यात वर राहिली, तरी गाडी लगेच आपली होत नाही. फायनान्सवाल्यांची मंजुरी यावी लागते आणि तोवर अनामत त्यांच्याकडे अडकते. ३ सप्टेंबरच्या रात्री जीएसटी परिषदेनं छोट्या गाड्यांचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणला, वरचा सेस म्हणजे उपकरही गेला. दर २२ तारखेपासून लागू. शोरूमच्या ६ लाखांच्या गाडीत साधारण ५० हजारांचा फरक. आणि माझी मंजुरी आली ५ तारखेला! बाजार वर जात असता तर ती इतक्या चटकन आली असती का, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

कोल्हापूरच्या एका जुन्या व्यापाऱ्याला फोन लावला. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. मी म्हटलं, "अण्णा, गाडी उचलतो आणि दिवाळीपर्यंत धरून ठेवतो." ते हसले. "धरून ठेवायला ती काय हळद हाय व्हय? हळद पूर्वी हरिपूरच्या पेवात, जमिनीतल्या कोठारात, राहायची. गाडी राहिली की घसरतीच. अनामत सोड."

२० हजारांची अनामत सोडली. बायकोला आठ दिवस सांगितलं नाही.

७ तारखेच्या पौर्णिमेनंतर पितृपक्ष लागला. आमच्याकडे त्या पंधरवड्यात कोण गाडी घेतंय? घटस्थापना नेमकी २२ सप्टेंबरला, म्हणजे मुहूर्त आणि नवे दर एकाच दिवशी. त्या आठवड्यात तासगावचे एक गुरुजी वॅगनआर बघायला आले ते खिशात नव्या गाडीचं कोटेशन घेऊनच. त्यांनी ते बॉनेटवर पसरलं आणि नुसते उभे राहिले. मी ३ लाख ४० हजारांना घेतलेली गाडी ३ लाख १५ हजारांना दिली.

वर करसल्लागारानं आणखी एक धडा दिला. जानेवारी २०२५पासून आम्हा नोंदणीकृत व्यापाऱ्यांना जुन्या गाडीवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, पण तो विक्री आणि खरेदीच्या फरकावर. तोट्यात विकली तर कर शून्य. मी म्हटलं, मग वॅगनआरचा तोटा बाकीच्या नफ्यातून वळता करा. तसं चालत नाही. प्रत्येक गाडीचा हिशेब वेगळा. दुसरी एक १२ हजार नफ्यानं गेली, तिचे २,१६० भरले. तिला घातलेले टायर आणि रंग त्या हिशेबात कुठंच नाहीत.

लिलावातल्या एका गाडीच्या कागदावर आधीच्या कर्जाचा बोजा तसाच होता. तो उतरवायचा फॉर्म ३५ यायला तीन आठवडे लागले, वर आधीच्या मालकाची ई-चलनं निघाली. तेवढ्यात दसरा हुकला.

आता बोली लावायच्या आधी मी जुन्या गाडीचा दर बघत नाही. त्याच मॉडेलच्या नव्या गाडीची ऑनरोड किंमत काढतो आणि तिथून खाली येतो. दोन-तीन वर्षांची छोटी गाडी असेल तर हात आखडताच. तिच्या शेजारी नवी उभी राहते, मग गिऱ्हाइकाला हप्त्यातला फरक हजार-दीड हजारच दिसतो. सात-आठ वर्षांच्या गाडीचं गिऱ्हाईक वेगळं असतं, ते शोरूमची पायरी चढतच नाही. तिथं दर कमी हलला.

चौथी गाडी अजून दारात आहे. परवा तिची बॅटरी उतरली.