प्लग काळा का पडतो हे शोधण्यात माझे तीन रविवार गेले

बाबांची स्प्लेंडर आहे, २००६ ची, टाकीवर अजून हिरो होंडाच लिहिलेलं, आणि घरात माझ्यापेक्षा तिचे लाड जास्त. मार्चपासून ती एकदम पेट्रोल प्यायला लागली. लिटरला साठच्या आसपास द्यायची ती बेचाळीसवर आली, सोलापुरात सात रस्त्याला सिग्नलला थांबलं की पेट्रोलचा उग्र वास, सकाळी किक मारली की काळा धूर. एका गॅरेजवाल्याला दाखवली तर त्यानं नुसतं रेस करून ऐकलं आणि सांगून टाकलं, बोअर-पिस्टन गेलंय, इंजिन खोलावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली.

मित्रांचं वेगळंच, की आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं म्हणून ॲव्हरेज पडलंय. थोडंफार त्यानं पडतं हे खरं, पण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो त्यामुळं कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) गाडीत मिक्चर उलट पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, मग काळा धूर यायचं काय कारण? तेव्हा म्हटलं आपणच प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा स्पार्क प्लग, काढून बघू.

पहिल्या रविवारी पार्क चौकातल्या गर्दीतून घरी आलो आणि गाडी लावल्या लावल्या प्लग पाना घातला. पहिली शिक्षा म्हणजे बोट भाजलं. दुसरी चूक उशिरा कळली, ती पुढं सांगतो. प्लग बघितला तर काजळीनं माखलेला, काळाकुट्ट. पण एक चांगलं झालं, मी ती काजळी बोटानं पुसून बघितली. कोरडी होती, मखमलीसारखी, जुन्या कंदिलाच्या काचेला धरते तशी. बोअर-पिस्टन झिजून ऑइल जळत असतं तर ती ओली, चिकट, चकचकीत काळी दिसली असती आणि धूर निळसर आला असता. म्हणजे बोअर-पिस्टन बहुतेक ठीक, पेट्रोल जास्त जातंय. (त्या गॅरेजवाल्यानं प्लग काढायचे दोन मिनिटांचे कष्टसुद्धा घेतले नव्हते, याचा राग मला अजून आहे.)

एअर फिल्टर काढला तर त्यात आख्ख्या होटगी रोडची धूळ, तो बदलला. त्यानं फरक पडला पण थोडाच, बेचाळीसचे सेहेचाळीस. मग मी शहाणपणा केला आणि कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून मिक्चर पातळ केलं. झालं, गाडी सिग्नलला बंद पडायला लागली, रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फाट फाट आवाज, आणि प्लग काढला तर तो तसाच काळा! दुकानदार म्हणाला, गरम प्लग टाका, काळा पडणार नाही. टाकणारच होतो.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मामा आहेत, दुकान बंद केलंय पण हात अजून चालतो. एन्फिल्ड, राजदूतपासून सगळं खोललेला माणूस. मला गाडीपुढं उकिडवा बसलेला बघून आले, "काय करलालास बे?" मी सगळं सांगितलं, प्लग दाखवला. त्यांनी विचारलं, काढायच्या आधी गाडी कुठं होती? म्हटलं ट्रॅफिकमध्ये. "मग तू सिग्नलचा प्लग वाचलालास, इंजिनचा न्हाई." म्हणजे दहा मिनिटं स्लोमध्ये, रेस न देता, गाडी चालली की कुठलाही प्लग थोडा काळवंडतोच, आधीचा रंग त्याखाली झाकला जातो. गरम प्लगचं ऐकून तर हसलेच. तो आपली उष्णता हळू सोडतो, म्हणून काजळी स्वतःच जाळतो. म्हणजे पेट्रोल तेवढंच जाणार, फक्त दिसायचं बंद. वर सोलापूरच्या मे महिन्यात इंजिनाला ताप वेगळा.

दुसऱ्या रविवारी पहाटे आम्ही अक्कलकोट रोडला गेलो. रेसच्या मुठीवर पांढरी पट्टी चिकटवून पेननं पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या. नवे तीन प्लग घेतले होते. मूठ एका खुणेवर धरायची, दोन-तीन किलोमीटर तशीच चालवायची आणि मग एकदम क्लच दाबून चावी बंद, गाडी घरंगळत बाजूला घ्यायची, स्लोमध्ये अजिबात चालू द्यायची नाही. (मागं कोण आहे ते आधी बघा, माझ्या मागं उसाचा ट्रॅक्टर होता.) प्लग जरा निवू द्यायचा, भोवतीची माती फुंकायची आणि मग काढायचा. बघायचं ते टोकाकडं नाही, पांढरी चिनीमाती आत खाली जिथं लोखंडाला भेटते तिथं. मामांनी खिशातून भिंग काढलं. म्हणाले, शिशाचं पेट्रोल होतं तेव्हा रंग लवकर दिसायचा. ते २००० साली देशभर बंद झालं, आता डोळे ताणावे लागतात.

पाव रेसचा प्लग पांढुरका, म्हणजे तिथं पेट्रोल कमी पडतंय, माझ्या स्क्रूची कृपा. फुल रेसचा अगदी छान, भाजलेल्या शेंगेच्या टरफलाचा रंग. आणि अर्ध्या रेसचा काळा ठिक्कर.

मला काहीच कळेना. मामांनी पानटपरीवर चहा पिता पिता समजावलं. जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक. स्क्रू आणि छोटा जेट फक्त स्लो आणि पाव रेसपर्यंत बघतात, मधल्या रेसला नीडल, म्हणजे जेटच्या भोकात वरखाली होणारी सुई, बघते, पाऊणच्या पुढं मेन जेट. मग मधेच काळा असेल तर स्क्रूला पिळून काय होणार? एवढ्या वर्षांत नीडल वरखाली घासून जेटचं भोक लांबट होतं आणि तिच्या बाजूनं जादा पेट्रोल वर येतं. फुल रेसला नीडल जवळजवळ बाहेर असते, तिथं मेन जेट जेवढं सोडेल तेवढंच, म्हणून तो प्लग चांगला. आणि स्क्रू फिरवायच्या आधी तो कुठल्या अंगाला आहे ते बघ म्हणाले. फिल्टरकडं असेल तर हवा सोडतो, आत पिळला की पेट्रोल वाढतं. इंजिनकडं असेल तर पेट्रोल सोडतो, आत पिळला की कमी होतं. मी यातलं काही न बघता फिरवला होता.

तिसऱ्या रविवारी कार्ब्युरेटर उतरवला. भिंगातून जेटचं भोक खरंच अंड्यासारखं दिसत होतं, नीडलच्या एका बाजूला चकचकीत पट्टा. नवीन नीडल-जेटचं किट टाकलं, स्क्रू जिथं इंजिन सगळ्यात गुळगुळीत चाललं तिथं आणून ठेवला, आणि पुन्हा अक्कलकोट रोड. अर्ध्या रेसचा प्लग आता फुल रेसच्या प्लगसारखाच दिसतो.

गाडी सध्या सत्तावन्न देतेय. बाबांना सगळं सांगितलं तर त्यांनी तीनही प्लग हातात घेऊन बघितले आणि विचारलं, बाकीचे दोन दुकानदार परत घेईल का?