बॅकस्पेसची सवय मोडताना

विंडोज एक्सपी वापरायचो तेव्हा फोल्डरमधलं माझं सगळं फिरणं एका बटणावर चालायचं, बॅकस्पेस. दाबलं की एक लेव्हल वर, परत दाबलं की अजून एक, बघायची पण गरज नाही. मग विंडोज ७ घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात फोटो भलत्याच फोल्डरमध्ये पेस्ट करून बसलो.

झालं असं की व्हिस्टापासून (एक्सपी आणि ७ च्या मधलं विंडोज) बॅकस्पेसचा अर्थच बदलला, आता तो 'वर' नाही तर 'मागे' नेतो, म्हणजे आधी जिथे होतात तिथे, ब्राउझरसारखं. मी डावीकडच्या लिस्टमधून डाउनलोड्सवरून थेट पाच लेव्हल आत उडी मारलेली, बॅकस्पेस दाबला तर वरचं फोल्डर यायच्या ऐवजी परत डाउनलोड्स! आणि सवयीने न बघताच पेस्ट. कधी शॉर्टकटने नवीन विंडो उघडली असेल तर मागे जायला काही नसायचंच, बटण दाबतोय आणि विंडो ढिम्म, मला वाटलं कीबोर्ड गेला.

वर जायचं बटण शोधलं तर तेही काढून टाकलेलं (२०१२ मध्ये विंडोज ८ ला परत आणलं, म्हणजे वैतागलेला मी एकटाच नव्हतो बहुतेक). शेवटी अल्ट आणि वरचा बाण सापडला. बोटांना ते पटायला मात्र महिना गेला.

त्या शोधाशोधीत अ‍ॅड्रेस बारकडे, म्हणजे विंडोच्या वरच्या पट्टीकडे, पहिल्यांदा नीट बघितलं. तिथल्या पाथमधल्या (फोल्डरच्या पत्त्यातल्या) कुठल्याही नावावर क्लिक केलं की डायरेक्ट तिथे, आणि नावापुढच्या बारक्या बाणावर क्लिक केलं की त्याच्या आतली सगळी फोल्डर्स, म्हणजे शेजारच्या फोल्डरमध्ये जायला वर जाऊन परत खाली उतरायला नको. अल्ट-डी दाबून पाथ टाईप करता येतो, तिथेच सीएमडी (cmd) लिहून एंटर मारलं तर त्याच फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाईप करायची विंडो, उघडतो, हे तर मला फारच आवडलं. फोल्डरमध्ये नावाची पहिली दोन-तीन अक्षरं पटापट टाईप केली की सिलेक्शन तिथे उडी मारतं, हे आधीपासून होतं, मीच स्क्रोल करत बसायचो.

आता मॅकवर आलोय. एंटर मारला तर फोल्डर उघडायच्या ऐवजी त्याचं नाव बदलायला लागतं. उघडायला कमांड आणि खालचा बाण, वर जायला कमांड आणि वरचा बाण. परवाच एका फोल्डरचं नाव नुसतं 'क' करून ठेवलंय.