डाव्या हाताचा रंधा

खेतवाडीतल्या आमच्या दुकानात जुनं फर्निचर दुरुस्तीला येतं. हत्यारं क्वचितच. त्या मंगळवारी लालबागचे एक काका सागवानी पेटी घेऊन आले. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली होती, खोली रिकामी करायची होती.

"पणजोबांची हत्यारं आहेत ताई, 1880 च्या सुमाराची. चकाचक पॉलिश करून द्या, शोकेसमध्ये ठेवायचीत."

पेटीत दोन पटाश्या, लाकडावर रेघ आखायची खतावणी, पतामाचा म्हणजे कडेला खाच पाडायचा लाकडी रंधा, आणि तळाशी धोतराच्या फडक्यात बांधलेला चौदा इंची बिडाचा रंधा.

पॉलिशला मी एकदम हात घालत नाही. नवी असताना एका रंध्याच्या पात्यावर मी तारेचा ब्रश फिरवला होता. गंजाबरोबर कंपनीचा छापही गेला. तो रंधा कधीचा ते मग कुणालाच सांगता आलं नाही. ती चूक मला अजून टोचते. तेव्हापासून मऊ ब्रश, सुती फडकं आणि जरासं रॉकेल, एवढंच.

पातं काढून आतला भुसा झाडला. पात्याच्या बैठकीमागे बिडातच ओतलेल्या पेटंटच्या तीन तारखा दिसल्या: 25 मार्च 1902, 19 ऑगस्ट 1902, 19 एप्रिल 1910. अमेरिकेतल्या न्यू ब्रिटनच्या स्टॅनली कंपनीचा हा पाच नंबरचा रंधा. पेटंटची तारीख म्हणजे रंधा बनल्याची तारीख नव्हे, पण त्यातली सर्वांत अलीकडची तारीख खालची मर्यादा पक्की करते. 1910 च्या आधी हा ओतला जाणं शक्यच नाही. पुढची मूठ बुटकी होती. 1920 च्या सुमारास स्टॅनलीनं ती उंच केली. म्हणजे धड त्या दहा वर्षांतलं. पात्यावर मात्र हृदयाच्या आकाराचा छाप, आणि तो 1920 नंतरचा. जुनं पातं झिजून संपलं असणार आणि कुणीतरी दुसरं आणून बसवलं असणार.

काकांचा चेहरा उतरला. "मग पणजोबांचा नाही?"

मी लाकडी रंधा उजेडात तिरका धरला. समोरच्या टोकावर, मळाखाली, ठोकलेली अक्षरं: जी.आय.पी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. 5 नोव्हेंबर 1951 ला तिची मध्य रेल्वे झाली, त्यामुळे ठसा त्याआधीचा.

"अण्णा माटुंगा वर्कशॉपला होते," काका म्हणाले, "माझे वडील. डबे बनवायचे. भंगारात काढलेली हत्यारं विकत घ्यायचे, आई ओरडायची."

मग मी बिडाच्या रंध्याची मागची मूठ नीट पाहिली. कंपनीची मूठ सडपातळ असते. ही जाड होती, शिसवीची, आतल्या वळणात कानशीचे ओरखडे तसेच ठेवलेले. उजव्या हातात धरली तर बसेना. फुगीर भाग तळव्याला चुकीच्या बाजूनं टोचत होता आणि उजव्या कुशीला एक खोलगट घळ उगाचच बोटांखाली येत होती. हात बदलला. डावा अंगठा अलगद त्या घळीत जाऊन बसला. घळ इतकी गुळगुळीत झाली होती की लाकडाच्या रेषाही लागत नव्हत्या.

"काका, अण्णा डावखुरे होते का?"

ते चमकले. "जेवायला बसले की आजी त्यांना पंगतीच्या डाव्या टोकाला बसवायची, शेजाऱ्याला कोपर लागू नये म्हणून. तुम्हाला कसं कळलं?"

मी रंधा त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी सवयीनं उजव्या हातात घेतला, मग डाव्यात. सागाचा एक तुकडा शिकंज्यात लावून दिला, त्यावर त्यांनी दोनदा ढकलला. पातं पार बोथट. ढलपी निघाली नाही, नुसतं खरवडलं गेलं.

"पॉलिश राहू द्या," ते म्हणाले. "धार लावून द्या."

पातं मी दगडावर घासलं, बिडाला तेलाचा हात दिला. मुठीला फडकंसुद्धा लावलं नाही.