फुल केलं की फाटतं का?

जुने स्पीकर उघडून बघण्याचा माझा नाद कळला, की लोक एक प्रश्न हमखास विचारतात. मुठीत मावणारा, यूएसबीवर चालणारा स्वस्तातला स्पीकर एवढा मोठा वाजतो कसा, आणि आवाज फुल केला की फाटतो का? बहुतेकांनी उत्तरही ठरवलेलं असतं : आतला ॲम्प्लिफायर फालतू असणार. मला विचाराल तर त्या डब्यातला सगळ्यात हुशार भाग तोच.

बरेचदा आत पीएएम ८४०३ किंवा तिच्याच जातकुळीतली चिप निघते. नखाएवढी, पण डावा-उजवा दोन्ही चॅनेल सांभाळते आणि तिला हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडाही लागत नाही. जुन्या धाटणीच्या, म्हणजे क्लास एबी ॲम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा असतो. त्यातून करंटही जातो आणि त्याच्यावर व्होल्टेजही पडतं. या दोहोंचा गुणाकार म्हणजे वाया गेलेली उष्णता. या चिपमधल्या क्लास डी पद्धतीत ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू, नाही तर पूर्ण बंद. चालू असताना व्होल्टेज जवळजवळ नाही, बंद असताना करंट नाही. तापणार कशानं?

मग नुसत्या चालू-बंदमधून गाणं कसं निघतं? आत एक त्रिकोणी लहर सेकंदाला अडीच लाखांच्या आसपास वेळा वरखाली होत असते. गाण्याचा सिग्नल तिच्याशी सतत ताडून पाहिला जातो. सिग्नल लहरीच्या वर असेपर्यंत आउटपुट चालू, खाली गेला की बंद. त्यामुळे सिग्नल चढला की चालू राहण्याचा काळ लांबतो, उतरला की आखडतो. स्पीकरच्या कोनाला इतक्या वेगानं हलणं शक्यच नसतं. त्याला या ठोक्यांची फक्त सरासरी जाणवते, आणि ती सरासरी म्हणजेच गाणं.

एरवी हे ठोके गाळायला आउटपुटवर कॉइल-कपॅसिटरचा फिल्टर बसवतात. या चिपांनी तो खर्चही वाचवला. गाणं नसतं तेव्हा स्पीकरची दोन्ही टोकं एकदमच वर जातात आणि एकदमच खाली येतात, म्हणून स्पीकरच्या कॉइलमधून जवळजवळ काहीच करंट वाहत नाही. ही युक्ती मला अजूनही भारी वाटते. (तारा मात्र आखूड हव्यात, लांब झाल्या की त्यांचाच अँटेना होतो आणि जवळचा मीडियम वेव्ह रेडिओ कुरकुरायला लागतो.)

आता फाटण्याकडे येऊ. पुरवठा ५ व्होल्टचा. स्पीकरचं एकच टोक हलवायचं म्हटलं तर लहर मधल्या बिंदूपासून दोन्हीकडे अडीच व्होल्टच जाऊ शकते, आणि ४ ओहमच्या स्पीकरला मिळतो जेमतेम पाऊण वॉट. म्हणून चिप दोन्ही टोकं हलवते : एक वर ढकलते तेव्हा दुसरं खाली ओढते. व्होल्टेज दुप्पट, पॉवर चौपट, म्हणजे ३ वॉटच्या किंचित वर. हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात थोडं व्होल्टेज चिपच्या आतच खर्ची पडतं. तरी चिपच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे माहितीपत्रकात, ३ वॉट छापलेले दिसतात, कारण शेजारीच १० टक्के डिस्टॉर्शनची, म्हणजे आवाज बिघडण्याची, अट असते. लहरीचे शेंडे छाटले गेल्यावर मोजलेला आकडा आहे तो. तुम्ही फुल करता तेव्हा नेमकं तेच ऐकत असता.

शिवाय हे ३ वॉट एका चॅनेलचे. दोन्ही मिळून ६ झाले, आणि साधा यूएसबी २.० पोर्ट देतो ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट. आणायचे कुठून? ढोलाचा ठोका आला की पुरवठ्याचं व्होल्टेज खाली बसतं आणि शेंडे आणखी छाटले जातात. चिप थेट ३.७ व्होल्टच्या सेलवर चालत असेल, तर कागदावरचे ३ वॉटही पावणेदोनवर येतात. खोक्यावरचे पीएमपीओवाले, म्हणजे क्षणभराच्या कमाल पॉवरचे म्हणून छापलेले शेकडो वॉट मी वाचतही नाही. ते मोजण्याची ठरलेली पद्धतच नाही.

यावर पुढचा प्रश्न असतो, मोठी चिप घातली तर? पॉवर दुप्पट केली तर वाढतात ३ डेसिबल, कानाला जेमतेम कळतील एवढे. दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट पॉवर लागते, आणि तो इवलासा कोन ती झेलणार नाही. त्यापेक्षा फोनच्या इक्वलायझरमध्ये बेस थोडा उतरवा. सर्वांत जास्त पॉवर तोच खातो. हातात सोल्डरिंग आयर्न असेल तर चिपच्या पुरवठ्याजवळ १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावा, ठोका जरा सावरतो. आणि आत हात घालणारच असाल, तर दोन स्पीकरच्या निगेटिव्ह तारा हेडफोनसारख्या एकत्र जोडू नका, ग्राउंडलाही लावू नका. इथे ग्राउंडचं टोक नसतंच. दोन्ही टोकं चिप हलवत असते.