आमची वाटचाल: कडक भाकरी आणि छाटीचा हिशेब

सोलापूरच्या पूर्व भागात बिडी वळणाऱ्या बायकांना 'छाट' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. हजार बिड्या वळून कारखान्यात नेल्या की तिथला माणूस त्या उलटसुलट करतो आणि काही बाजूला टाकतो. बाजूला गेली ती छाट, तिचे पैसे नाहीत. पान कमी पडलं तर तेही पदरचं. आमच्या कडक भाकरीच्या गृहउद्योगात पहिल्या नऊ जणी आल्या त्या हेच काम सोडून. त्यांचा पहिला प्रश्न मजुरीचा नव्हता. "भाकरीत छाट किती धरणार?" हा होता.

लोक विचारतात, धंदा कसा उभा राहिला? यंत्रामुळे नाही, अनुदानामुळे नाही आणि फोटो काढून गेलेल्यांमुळे तर नाहीच. गल्लीतल्या साठ घरांनी घरटी हजार रुपये काढले, त्यावर उभा राहिला. हे साठ हजार बचत गटाच्या खात्यावर फिरता निधी म्हणून ठेवले. अटी दोनच. यातून वस्तू घ्यायची नाही, फक्त ज्वारी आणि आठवड्याची मजुरी भागवायची. आणि दिवाळीपर्यंत पैसा खात्यात परत आला पाहिजे, म्हणजे पुढच्या हंगामाला पुन्हा वापरता येईल. पैसे काढणाऱ्यांत शिक्षक होते, गिरणीतून निवृत्त झालेले होते, दोन रिक्षावाले होते. कुणाच्या नावाची पाटी लावलेली नाही, कुणी मागितलीही नाही.

दान देणाऱ्यांना वस्तू देणं सोपं जातं. शिलाई मशीन, पिठाची चक्की, सायकल, यांचा फोटो निघतो. चाळीस दिवसांच्या उधारीचा फोटो निघत नाही. पण धंदा मरतो तो तिथेच. दुकानदार माल घेतो आज आणि पैसे देतो महिन्या-दीड महिन्याने. ज्वारीवाल्याला रोख हवी. बायकांना शनिवारी मजुरी हवी, कारण सोमवारी पोराची फी असते. म्हणजे पैसा आत येण्याआधी सहा आठवड्यांची मजुरी आणि तेवढ्या दिवसांची ज्वारी तुमच्या खिशातून गेलेली असते.

लिज्जतचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपयांवर सुरुवात केली, एवढं सांगून थांबतात. ते ८० रुपये दान नव्हते, उसने होते. छगनलाल करमसी पारेख यांनी दिले होते. तोट्यात गेलो तरी देणगी मागायची नाही, हे त्या बायकांनी आधीच ठरवलं होतं. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला, वर पापड आणि खाली स्टोव्ह. ही खाट पुढे आमच्याही कामी आली.

आता मालाविषयी. ज्वारी मालदांडी जातीचीच. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मिळाली तर उत्तम. त्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून कुठलीही ज्वारी मंगळवेढ्याची म्हणून खपवतात, तेवढं पाहून घ्या. रब्बीचा माल फेब्रुवारी-मार्चला बाजारात येतो, खरेदी तेव्हाच. दाणा दाताखाली कट्‌ वाजला पाहिजे. दबला तर ओल आहे, चार दिवस ऊन द्या, नाहीतर सोंडे पडतील. दळण आठवड्यापुरतंच. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडेला चिरा पडतात. मग बायका पाणी वाढवतात आणि पाणी वाढलं की वाळायला दुप्पट वेळ लागतो. विरी गेलेल्या पिठाला उकळतं पाणी थोडं सावरून घेतं, पण माल विकायचा असेल तर ते पीठ घरी खा.

किलोभर पिठाला साधारण तेवढंच कढत पाणी. काटवटीत तळहाताच्या टाचेने मळायचं, गोळा गुळगुळीत होईतो. एका किलोत पंधरा भाकरी बसल्या पाहिजेत. बारा बसल्या तर जाड झाल्या, अठरा बसल्या तर पाकिटात चुरा. घरच्या भाकरीची सवय असलेली बाई ती टम्म फुगवते आणि खूश होते. कडक भाकरीला हाच दोष आहे. पापुद्रा सुटला की वरचा भाग कोरडा होतो आणि आतल्या पोकळीत वाफ अडकून राहते. म्हणून फुगायला लागली की फडक्याने दाबायची, सगळीकडून तव्याला टेकवायची, आणि उतरल्यावर चुलीच्या कडेला निखाऱ्यासमोर उभी करायची. तवा जाड लोखंडी हवा. पातळ तवा मध्ये जाळतो आणि कडा कच्च्या ठेवतो. हात बसलेली बाई दोन तव्यांवर चार तासांत शंभरच्या वर काढते. आज आमच्याकडे चौदा जणी आहेत, रोज क्विंटलभर ज्वारी, पंधराशे भाकरी, दहाच्या दीडशे पाकिटांत.

भाकरीसोबतच्या शेंगा चटणीविषयी फार लिहीत नाही, सोलापुरात प्रत्येकीची वेगळी असते. एवढंच सांगते की मिक्सरमध्ये दाण्याचा भुगा होतो, चटणी होत नाही. उखळात कुटल्यावर तेल सुटतं आणि तिखट त्या तेलात बसतं. लसूण ओला घातला तर पंधरा दिवसांत वास बदलतो. आधी तव्यावर कोरडा करून घ्या.

दुसऱ्या पावसाळ्याचं मात्र सविस्तर लिहिते.

एका मोठ्या संस्थेने आम्हाला यंत्र द्यायचं ठरवलं. नाव लिहीत नाही. उद्देश चांगला होता, पण आम्हाला विचारलं नव्हतं. यंत्र चपातीचं होतं. गोळा ठेवायचा, तापलेल्या दोन तबकड्यांत दाबायचा. गव्हाच्या कणकेला चिकाटी असते, ती ताणली जाते आणि सुटते. ज्वारीला ती नाही. ज्वारीचा गोळा दाबला की कडेला फाटतो, वरच्या तबकडीला चिकटतो, आणि न फाटण्यासाठी जाड ठेवला तर आतून कच्चा राहतो. हे कोणत्याही भाकरी करणाऱ्या बाईने पाच मिनिटांत सांगितलं असतं. यंत्रासाठी थ्री-फेज जोडणी घ्यावी लागली, तिचा स्थिर आकार यंत्र चालो न चालो दरमहा भरावा लागतो. शिवाय रोजचं उत्पादन दुप्पट दाखवा, असा आग्रह. दुप्पट झालंच नाही. निम्म्या जणी यंत्रापाशी अडकल्या आणि आकडा जेमतेम पंधराशेवर टिकला.

आषाढातले ते अकरा दिवस. जाड भाकरी, घाईचं भाजणं, हवेत दमटपणा, आणि गरम असतानाच पाकीटबंद. पाकिटाला आतून घाम आला. आठव्या दिवशी पहिली तक्रार आली, मग रीघ लागली. साडेसोळाशे पाकिटं परत आली, हिरवी-पांढरी बुरशी चढलेली. जनावरालाही घालता येईना, खड्डा काढून पुरली.

त्याच महिन्यात पलीकडच्या पेठेतल्या एका व्यावसायिकाने आमच्या बायकांना भाकरीमागे पन्नास पैसे जास्त देऊ केले. आम्ही तीन रुपये देत होतो. पाच जणी गेल्या. त्यांना दोष नाही. त्याने दिवाळीपर्यंत वाढीव दर दिला, दिवाळीनंतर छाट सुरू केली. दहातल्या दोन भाकरी 'वाकड्या' म्हणून बाजूला, आणि बाजूच्या त्याच भाकऱ्या खुल्या मालात विकायच्या. पिठात मैदाही मिसळायचा, त्याने भाकरी तुटत नाही आणि विरीची चिंता मिटते. पाकिटावर मात्र 'शुद्ध ज्वारी'. यंत्राचा राग विझत आला, हा अजून विझलेला नाही.

परत आलेल्या मालाची मजुरी कापायची का, हा प्रश्न गटाच्या बैठकीत आला. कापली असती तर आम्ही वाचलो असतो आणि बिडीच्या कारखान्यात व आमच्यात फरक उरला नसता. कापली नाही. साठ घरांनी परतफेडीची मुदत दिवाळीवरून संक्रांतीवर नेली. मार्केट यार्डातल्या ज्वारीवाल्या आडत्याने मागची बाकी तशीच ठेवून आणखी सहा पोती दिली. बचत गटाची पंचसूत्री सगळ्यांना पाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, हिशेबाच्या वह्या. आम्हाला तारलं ते पाचव्याने. वह्या नीट होत्या म्हणून आडत्यासमोर मान वर करून बसता आलं.

आणि तारलं एस.टी. स्टँडजवळच्या दुकानदार काकांनी. पहिल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक. बाकीच्यांनी पाकिटं पोत्यात भरून पाठवली. काकांनी प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने आवक तारीख टाकलेली असते, जुना माल पुढे ठेवण्याची त्यांची ती पद्धत. त्यांनी परतीच्या मालाची तारीखवार यादी करून दिली आणि मागचं बिल त्याच दिवशी चुकतं केलं. यादीत सगळ्या तारखा यंत्र चालू असतानाच्या होत्या. यंत्राआधीच्या मालाचं एकही पाकीट नव्हतं. तोवर आम्ही पिशवीला दोष देत होतो, पिशवी बदलून आणखी पैसे घालवणार होतो. पिशवी निर्दोष होती. तेव्हापासून आम्हीही प्रत्येक पाकिटावर तारीख आणि भाजणारीचा क्रमांक टाकतो. क्रमांक दंडासाठी नाही. कुणाची भाकरी ओली राहते ते कळलं की तिच्या शेजारी दोन दिवस हात बसलेली बाई बसवतो.

मग खाटेचा प्रयोग. सुतळीची बाज, वर जाळी, खाली शेगडी. चालली, पण एक इशारा: कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नाही. तिच्या धुराला वास नसला तरी माणूस गुदमरतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या हव्यात. नंतर जुन्या लोखंडी कपाटात जाळीचे ट्रे बसवले, खाली हीटर, वर हवा खेचणारा पंखा. पंखा विसरलात तर कपाटात पाऊसच पडतो, कारण वाफ जाणार कुठे?

वाळली की नाही हे हाताने ठरवू नका. दहा भाकरी वजनकाट्यावर ठेवा, अर्धा तास कपाटात ठेवून पुन्हा वजन करा. दोन-तीन ग्रॅमच्या आत फरक आला तर वाळली. मग पूर्ण गार होऊ द्या आणि तेव्हाच पाकीट. पावसाळ्यात गार करायलाही उघड्यावर ठेवायची नाही, तासाभरात हवेतली ओल ओढून घेते. झाकणाचा पत्र्याचा डबा बरा.

मुलांचं सांगायचं राहिलं. दोन वर्षांचं मूल पायाशी असलेली बाई शंभराऐवजी साठ भाकरी काढते, आणि चुलीजवळ मूल म्हणजे जिवाला घोर. म्हणून शेजारची खोली घेऊन पाळणाघर केलं, मधल्या दाराला कमरेइतकी फळी. तिथल्या ताईंचा पहिल्या वर्षाचा पगार गल्लीने दिला. आता पाकिटामागे एक रुपया बाजूला पडतो. रोज दीडशे, पंचवीस दिवसांचे ३,७५० रुपये. पाळणाघर त्यावर चालतं आणि कमी पडलं तर आम्ही घालतो. मोठी मुलं शाळेतून आली की अभ्यासाला तिथेच बसतात. पाकिटं भरायला त्यांना हात लावू देत नाही, सुट्टीतही नाही.

कुणी 'मुलांसाठी काही द्यायचंय' म्हटलं की वह्या-दप्तरं नको म्हणतो. ती दर जूनमध्ये तीन ठिकाणांहून येतात. दहा वर्षांच्या आतली मुलगी असेल तर तिच्या नावे सुकन्या समृद्धीचं खातं उघडून द्या, २५० रुपयांत उघडतं. पण पुढे दरवर्षी किमान २५० भरावे लागतात, नाहीतर खातं थकीत होतं. म्हणून एकदम हजार देण्यापेक्षा चार वर्षं अडीचशे देणारा माणूस आम्हाला हवा. मुलगा असेल तर पोस्टाचं आवर्ती खातं, महिन्याला शंभर. आणि मजुरी बाईच्या स्वतःच्या खात्यावर, संयुक्त नको. कारण सांगत नाही, समजून घ्या.

यंत्र कोपऱ्यात आहे. परत न्या म्हणून दोन पत्रं दिली, उत्तर नाही. थ्री-फेज जोडणी मात्र या मार्चमध्ये काढून टाकली. वाचलेल्या पैशांतून सोळावा तवा आला आहे.