साबणाचा एक, स्वयंपाकाचा एक

आमच्या शिवाजी पेठेतल्या घरात हँड ब्लेंडर दोन आहेत. एक स्वयंपाकघरात मिक्सरच्या शेजारी खिळ्याला टांगलेला असतो. दुसरा जिन्याखालच्या कपाटात, कॉस्टिक सोड्याच्या डब्याला लागून, उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलेला असतो आणि त्याच्या मुठीला लाल नाडा बांधलेला असतो. आलेल्या पाहुण्यांपैकी एखादी तरी हटकून विचारते, की नीट धुऊन घेतला तर एकाच ब्लेंडरवर भागत नाही का? चार वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होते, आणि तेव्हा रसायनशास्त्र बऱ्यापैकी माझ्या बाजूने होते, हा दावा मी आजही सोडलेला नाही.

घरी साबण करण्याचा नाद मला कसा लागला ते सांगत बसत नाही. कोल्हापुरात नाद लागायला कारण लागत नाही. पण त्यातला ब्लेंडरचा भाग सांगायला हवा. मी साधारणपणे 400 ग्रॅम खोबरेल, 500 ग्रॅम शेंगतेल आणि 100 ग्रॅम एरंडेल घेते. प्रत्येक तेलाला लागणारा कॉस्टिक सोडा वेगवेगळा असतो, खोबरेलाला सर्वांत जास्त. त्यामुळे पाच टक्के तेल मोकळे राहील असा हिशेब केला की या किलोभर तेलाला सुमारे 146 ग्रॅम सोडा पुरतो. सोडा पाण्यात सोडायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचे नाही. थंड पाणीदेखील बघता बघता 80 अंशांच्या पुढे तापते आणि त्याची वाफ नाकात गेली की घसा धरतो, म्हणून हे काम परसात, हातमोजे आणि चष्मा घालून करायचे. मग दोन्ही कोमट झाल्यावर तेलात ते पाणी ओतायचे आणि ढवळायचे. हाताने ढवळले तर तास जातो, कधी दीड. ब्लेंडर मात्र थांबत थांबत फिरवला तरी चार-पाच मिनिटांत मिश्रण असे दाट होते, की वरून सोडलेली धार क्षणभर पृष्ठभागावर रेघ होऊन उभी राहते. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, याला "पिठलं आळल्यागत झालं" असे म्हणतात आणि मला याहून नेमके वर्णन अजून सापडलेले नाही.

हे यंत्र साबणासाठी कोणी काढलेले नव्हते. 1950 साली रॉजर पेरिंजाके नावाच्या स्विस माणसाने त्याचे पेटंट घेतले आणि फेटणे व मिसळणे या अर्थाचे दोन फ्रेंच शब्द जोडून त्याला बामिक्स हे नाव मिळाले. म्हणजे कल्पना मुळात स्वयंपाकघरातलीच. आमच्याकडेही ब्लेंडर आला तो ताकासाठी, आणि तो आला त्या आठवड्यात आत्यांची लाकडी रवी माळ्यावर गेली. आत्यांनी ते मनावर घेतले नाही असे मला तेव्हा वाटले होते.

तर एका शनिवारी मी वाळ्याचा साबण केला, ब्लेंडर गरम पाण्याने दोनदा खळखळून धुतला आणि जागेवर टांगला. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे मटण, माणसे आठ. पांढऱ्या रश्शासाठी खसखस, तीळ आणि काजू यांचे वाटण अळणी पाण्यात घातले, नारळाचे दूध ओतले, आणि वाटणाचा रवाळपणा मोडावा म्हणून त्यात ब्लेंडर फिरवला. रस्सा मुळातच पांढरा असल्यामुळे त्यावर आलेला फेस माझ्या ध्यानात आला नाही; आलाही असता तरी मी तो नारळाच्या दुधाचा समजले असते. ज्या खोबऱ्याच्या तेलाने साबणाला भरघोस फेस येतो, त्याच नारळाचे दूध रश्शात होते, एवढीच काय ती त्या दुपारची संगती.

पहिला घोट आत्यांनी घेतला. त्यांनी वाटी खाली ठेवली, पुन्हा उचलून हुंगली आणि मला विचारले, "का गं, रश्शाला वाळ्याचा वास कसला यायलाय?"

"आत्या, दोनदा धुतलाय मी तो."

"धुतलाईस गं. पर काय धुतलंस, ते रश्शात दिसायलंय की."

मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, एक शब्द न बोलता तांबड्या रश्शाचे पातेले स्वतःकडे ओढून घेतले. मी तिथेच, पंगतीत, माझी बाजू मांडली. साबणाचे मिश्रण पहिल्या तासांत अंगाला भाजेल इतके तीव्र असते हे खरे, पण सोडा आणि तेल यांची गाठ पडली की दिवस-दोन दिवसांत सोडा संपून जातो. म्हणजे कालचा जो काही थेंब ब्लेंडरला राहिला असेल तो आज बहुतेक साबणच असणार, आणि रश्शात फार तर रतीभर साबण उतरला असेल. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतले. वाटीला मात्र कोणी हात लावला नाही, आणि खरे सांगायचे तर मीही लावला नाही. तो पातेलेभर रस्सा मोरीत ओतताना मला जे वाटले ते कोल्हापूरकराला वेगळे सांगायला नको.

संध्याकाळी मी तो ब्लेंडर उजेडात धरून उलटा केला. पात्याभोवती घंटेसारखी जी वाटी असते तिच्या आत, पात्याचा दांडा जिथे वर शिरतो त्या वॉशरच्या कडेला, पिवळट मेणासारखे एक कडे बसलेले होते. दात घासण्याचा ब्रश तिथे पोचत नव्हता. मी सेफ्टी पिनने ते खरवडले, तेव्हा ज्वारीच्या दाण्याएवढा ऐवज निघाला आणि त्याला वाळ्याचा वास होता. त्या दाण्याने माझा दुपारचा युक्तिवाद बराच पातळ केला, कारण सोड्याचा हिशेब किलोभर तेल नीट घुसळले जाईल हे धरून केलेला असतो. फटीत अडकलेल्या, न ढवळलेल्या थेंबात सोडा किती आणि तेल किती, याचा हिशेब कोणी केलेला नसतो. शिवाय गरम, दाट पदार्थात ब्लेंडर फिरला की दांड्याजवळचे सारे सैल होऊन खाली येते. थंड ताकात कदाचित कळलेही नसते. या 'कदाचित'मुळेच मी दुसऱ्या दिवशी राजारामपुरीत जाऊन दुसरा ब्लेंडर आणला. दांडा स्टीलचा आहे एवढे मात्र दुकानात खात्री करून घेतले, कारण सोडा ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो; आमचे एक जर्मनचे पातेले माझ्या पहिल्याच प्रयोगात काळे पडून कामी आले होते.

उलट्या बाजूचाही विचार करावा. त्याच ब्लेंडरने कांदा-लसूण मसाला घातलेले वाटण केले आणि मग साबण केला, तर ते तिखट कोणाच्या तरी तोंडाला लागणार आहे, आणि तेही डोळे मिटलेले असताना लागेल याची काही हमी नाही.

खरे तर हे शहाणपण मला गल्लीतल्या गिरणीत फुकट मिळाले असते. तिथे रांगेत उभ्या असलेल्या बायका डबा पुढे सरकवताना बजावतात, की माझे गहू ज्वारीवर टाकू नका, आधी कोणाचे तरी गव्हाचेच दळण होऊ द्या. जात्यात मागच्याचे मूठभर पीठ उरते हे तिथे सगळ्यांना ठाऊक असते आणि ते कोणी कोणाला समजावत नाही. उन्हाळ्यात चटणीची मिरची कांडायला नेली, की तिचे यंत्र तर वेगळेच असते. ज्या पेठेत चटणीवाचून घास उतरत नाही, तिथेही मिरचीच्या यंत्रावर कोणी गहू नेत नाही. आमच्या शेजारच्या माळकरी घरात मुलांच्या हट्टापायी मटण होते, पण त्याचे पातेले आणि पळी परसातल्या चुलीपाशीच राहतात. त्यामागची भावना वेगळी आहे, मी दोन्हींची गल्लत करत नाही. पण वस्तू वेगळी ठेवण्याची सवय हाताला असली की बुद्धीला फार राबावे लागत नाही.

याचा अर्थ मी सगळेच दोन-दोन करून ठेवले आहे असे नाही. स्टीलच्या गुळगुळीत पातेल्यात लपायला जागा नसते. ते घासले की घासले, आणि मी ते दोन्हीकडे वापरते. काचेच्या मापाचेही तसेच. लाकडी पळी, प्लॅस्टिकचे चमचे, गाळणी आणि ब्लेंडर मात्र वेगळे, कारण यांना रंध्रे आहेत, जाळी आहे किंवा फट आहे. साबणाचा ब्लेंडर आता मी लगेच धुतही नाही; जुन्या वर्तमानपत्राने पुसून एक दिवस तसाच ठेवते, म्हणजे उरलेसुरले मिश्रण साबण होते आणि दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात ते स्वतःच्याच फेसाने निघते. मोरीही तुंबत नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी या व्यवस्थेची परीक्षा झाली. दोन किलो तेलाचा घाणा होता, सोड्याचे पाणी तेलात पडलेले होते, आणि लाल नाड्याचा ब्लेंडर दोन झटके देऊन, जळका वास सोडून बंद पडला. सोडा एकदा तेलात पडला की तो घाणा उद्यावर टाकता येत नाही. स्वयंपाकघरातला ब्लेंडर खिळ्याला टांगलेला परसातून दिसत होता. मी उंबऱ्यापर्यंत गेलेदेखील. आत्या आत लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा खिळ्याकडे पाहिले, पण बोलल्या काही नाहीत. मी परत फिरले आणि स्टीलचा लांब डाव घेऊन ढवळायला लागले.

अर्ध्या तासाने माझा खांदा भरून आला आणि मिश्रण अजून पाण्यासारखेच होते. तेवढ्यात आत्या पदर खोचून परसात आल्या आणि त्यांनी माझे हातमोजे मागितले.

"व्हय बाजूला. ताक घुसळण्यात जन्म गेलाय माझा," असे म्हणून त्या पाटावर बसल्या आणि डाव दोन्ही तळव्यांमध्ये धरून रवीसारखा फिरवू लागल्या.


पाऊण तासाने साबण पिठल्यासारखा आळला.