तुम्ही विचारलंत म्हणून: कोंबड्यांचा दाणा घरीच पिकतो का?

परसात कोंबड्या आणि कुंपणापलीकडे ज्वारीची ताटं दिसली, की पाहुणे हमखास विचारतात, "म्हणजे यांचं खाद्य घरचंच? विकत काहीच आणत नाही?" परवा पुण्याच्या भाचीनंही तेच विचारलं. तिच्याकडे घरामागे दोन गुंठे रिकामे आहेत आणि दहा कोंबड्या पाळायचं तिनं ठरवूनच टाकलंय.

आणते, विकत आणते. का, ते सांगते.

अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाते. दहा कोंबड्यांचे वर्षाला चार क्विंटल झाले. दिवसभर मोकळ्या असलेल्या गावठी कोंबड्या बरंचसं स्वतःच उकरून खातात, म्हणून निम्मंच आपण द्यायचं असं धरू. तरी दोन क्विंटल. आमच्या सोलापूरकडे कोरडवाहू शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, एकरी तीन-चार क्विंटल आला, तर गुंठ्याला पडले आठ-दहा किलो. म्हणजे भाचीच्या दोन गुंठ्यांतलं पीक तिच्या कोंबड्या महिन्याभरात फस्त करणार. पाण्याखालचा मका गुंठ्याला 50 किलोपर्यंत जातो, पण त्याला खत हवं, पाणी हवं, आणि 2018 पासून अमेरिकन लष्करी अळी पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, बसलेली असते. मोहोळची मालदांडी ज्वारी आम्ही पेरतो ती मुळात भाकरीसाठी आणि कडब्यासाठी. गोठ्यात जनावर नसेल तर निव्वळ कोंबड्यांसाठी ज्वारी पेरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवाय नुसत्या दाण्यावर कोंबडी अंडी देत नाही. तिला खाद्यात 16 ते 18 टक्के प्रथिनं लागतात. मक्यात नऊच्या आसपास, ज्वारीत दहा, बाजरीत थोडी जास्त. ही तूट किडे, वाळवी, गांडुळं भरून काढतात, पण सगळी नाही. म्हणून पेंड लागते, आणि ती बाजारातूनच येते. सोयाबीन घरचं असेल तर ते भाजूनच द्यायचं. कच्च्या सोयाबीनमधली प्रथिनं कोंबडीला पचत नाहीत. हल्ली अझोलाचं, म्हणजे पाण्यावर तरंगत वाढणाऱ्या हिरव्या शेवाळासारख्या वनस्पतीचं, फार कौतुक चालतं. पाला चांगला आहे, कोंबड्या आवडीनं खातात, पण ताज्या अझोलात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. मोड आणलेल्या धान्याचंही तसंच. एका किलोचे पाच किलो झाले म्हणून लोक हरखतात. वाढलेलं ते सगळं पाणी. उन्हाळ्यात हिरवं मिळत नाही तेव्हा द्यावेत मोड, पोट भरण्यासाठी नव्हे.

आमच्या आजीच्या कोंबड्यांना कोणी खाद्य घालत नसे, हे मात्र खरं. खळ्यावर सांडलेलं, सुपातून पाखडलेलं, उकिरड्यावर उगवलेलं, एवढ्यावर त्या जगायच्या. अंडीही तशीच बेताची द्यायच्या आणि मग खुडूक होऊन, म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला, बसायच्या. आता मळणी यंत्रातून धान्य थेट पोत्यात पडतं, खळं उरलेलं नाही. त्या कोंबड्यांचं उदाहरण देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मग भाचीनं त्या दोन गुंठ्यांत काय लावावं? बाजारात जे मिळत नाही ते. कडेनं शेवगा: पाला वर्षभर मिळतो, वरून छाटत राहिलं की फुटत राहतो. मधे तुरीच्या दोन ओळी. तूर त्यांच्या पोटासाठी नाही, आमटीसाठी. पण त्या आडोशात कोंबड्या निर्धास्त चरतात, घार-शिकरा वरून झडप घालू शकत नाही, आणि गळलेल्या पाल्याखाली किडे भरपूर. बांधावर सूर्यफूल लावावं, फक्त दाणे भरायला लागले की फुलाला जुन्या साडीचं फडकं बांधायचं, नाहीतर राघू आधी येतात. थोडा पिवळा मका. बलक पिवळाधमक होतो तो मक्यानं आणि हिरव्या पाल्यानं, ज्वारी-बाजरीनं नाही. आणि हौस म्हणून ओळभर बाजरी: कणसं मळत बसायचं नाही, सुतळीनं खुराड्यात टांगायची. कोंबड्या उड्या मारून खातात, तेवढा वेळ एकमेकींची पिसं उपटत नाहीत.

रोप गुडघ्याएवढं होईपर्यंत कोंबड्या त्या बाजूला फिरकू द्यायच्या नाहीत. पेरलेलं बी त्यांना आपल्यापेक्षा लवकर सापडतं. पाकिटातलं उरलेलं लाल-गुलाबी बियाणं चुकूनही टाकायचं नाही, त्याला औषध चोळलेलं असतं. मका दाताखाली कट्कन तुटेपर्यंत वाळवायचा. ओलसर राहिला तर बुरशी धरते, आणि त्या बुरशीचं विष कोंबडीच्या यकृतावर जातं. कुबट वास आला की तो उकिरड्यावरही नाही, कारण तिथेही त्याच जाणार.

अंड्याच्या कवचासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. अंड्यांची टरफलं भाजून, पूड करून दिली तरी चालतात.

राहिला पैशांचा प्रश्न. सुगीनंतर माझं विकतचं खाद्य अर्ध्यावर येतं, पावसाळ्यात पुन्हा वाढतं. भाचीच्या दोन गुंठ्यांत तेवढंही वाचणार नाही. तिला मी सांगितलंय, आधी दहा नको, चारच तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या कोवळ्या कोंबड्या, आण.